पायाचं औषध, पोटाचं औषध

आधी माझा गुन्हा सांगते. तीन वर्षांपूर्वी एका शनिवारी दुपारी मी आमच्या अंधेरीच्या चाळीतल्या आठ घरांमधून औषधाच्या भरलेल्या बाटल्या गोळा केल्या, बादलीत भिजत घातल्या आणि त्यांच्यावरची सगळी लेबलं सोलून काढली. सगळी! डोसाच्या खुणांसाठी कंपाउंडर कात्रीने दातेरी कापून चिकटवतो ती पांढरी पट्टीसुद्धा सोडली नाही. मग लेबलं उन्हात वाळवली आणि खळीने एका वहीत चिकटवली. वही इतकी देखणी झाली होती की मी ती स्वतःच चारदा चाळून बघितली.

हे मी कुणासाठी केलं, तर माझ्या मैत्रिणीसाठी. ती वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. तिच्या गल्लीत मॅट्रिक झालेली पहिली मुलगी ती. तिला नर्स व्हायचं होतं. शहरातल्या एका इस्पितळात नर्सिंगच्या शिक्षणासाठी मुली घेत होते, तिचा अर्ज मंजूर झाला होता आणि सोमवारी मुलाखत होती. मुलाखत इंग्रजीत. मी विचारते, का? वॉर्डातले रोगी काय इंग्रजीत कण्हतात? पण ते असो. तिच्या बापाने साफ सांगितलं होतं, "या खेपेला झाला तर झाला. नाय तर मढच्या होडीवाल्याकडं हो म्हणून सांगतो." तो वाईट माणूस नव्हता. त्याने वर्षभर वाट पाहिली होती, आणि होडीवाला लग्नासाठी दुसरी मुलगी बघायला लागला होता.

म्हणजे सोमवारी इस्पितळ, नाहीतर मढ. मधलं काही नाही.

इंग्रजीची तयारी आमच्या चाळीच्या व्हरांड्यात चालायची. रोज सहा ते सात. वर्ग घ्यायचे पोस्टातून निवृत्त झालेले एक काका. काळी टोपी, तपकिरीची डबी, आणि खिशात चमचा, कारण पित्ताचं औषध त्यांना जेवणाच्या आधी एक तास घ्यावं लागे आणि तो तास नेमका वर्गात यायचा. त्यांचा नियम कडक होता. सहा ते सात मराठीचा एक शब्द काढायचा नाही. काढला तर जिन्याच्या खालच्या पायरीवर उभं राहून साऱ्या चाळीला ऐकू जाईल असं म्हणायचं, "आय ॲम सॉरी, लेडीज अँड जंटलमेन." नळावर पाणी भरणाऱ्या बाया मग टाळ्या वाजवायच्या. आम्ही सातआठ जण होतो आणि त्या पायरीवर सगळ्यांचे पाय घासले होते. फक्त काकांचे नाही.

त्या महिन्यात काकांनी विषय दिला होता ड्रग्ज अँड मेडिसिन. मुलाखतीला उपयोगी म्हणून. आता यावर पुस्तक कुठलं आणायचं? तेव्हा मला दिसलं की इंग्रजी आमच्या घराघरात फळीवर ठेवलंय. बाटल्यांवर! 'शेक वेल बिफोर यूज.' 'वन टेबलस्पूनफुल.' 'फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली.' आम्ही हे वाचायला लागलो आणि काय सांगू, वर्गाला वेडच लागलं. मोटार गॅरेजात काम करणारा एक उंच मुलगा होता, तो कुणी भेटलं की खांद्याला धरून गदागदा हलवायचा आणि म्हणायचा, "शेक वेल!" माझी आई पानं वाढायला लागली की मी म्हणायची, "थ्राइस डेली आफ्टर मील्स." आई म्हणायची, "तुझं डोकं आधी तपासून घे."

हसता हसता मला राग यायला लागला. मला राग येतो, तो माझा धंदाच आहे. आमच्या युवक मंडळाची पत्रकं मीच लिहिते. चाळीत इंग्रजी वाचता येणारी माणसं दहा. बाटल्या पन्नास. हे पोटात घ्यायचं की अंगाला लावायचं ते ज्या भाषेत लिहिलंय ती पिणाऱ्यालाच येत नाही. इंग्रज गेला, पण बाटलीला चिकटून राहिला! हे वाक्य सुचलं तेव्हा मी व्हरांड्यात नाचले. त्यावर पत्रक काढायचं ठरवलं आणि पुरावा म्हणून, शिवाय मैत्रिणीला शनिवार-रविवारी पाठ करता यावं म्हणून, ती वही केली. एका दगडात दोन पक्षी. बाटल्या कुणाच्या कुठल्या ते माझ्या डोक्यात पक्कं होतं. निदान मला तसं वाटत होतं.

मैत्रीण पावणेसहाला वर्सोव्याच्या बसने आली. सकाळी आईबरोबर मासळीबाजार करून, न्हाऊन, वेणीत अबोली माळून. वही बघून तिने हात जोडले.

"काय गो हे? एवढी?"

"पाठ कर. आणि उत्तराचं काय झालं?"

उत्तर म्हणजे 'तुम्हाला नर्स का व्हायचंय' याचं मी लिहून दिलेलं दीड पानी उत्तर. त्याची सुरुवात स्वातंत्र्यापासून होती आणि शेवटी जनता जागी होत होती. ती 'द सफरिंग मासेस' पर्यंत यायची आणि तिथे बंद पडायची. रोज तिथेच. तीन आठवडे.

"मना नाय जमाचा गो," ती म्हणाली. "तुझा इंग्रजी माझ्या तोंडात राहत नाय."

"जमेल. जोरात म्हण."

सहा वाजले. वर्ग सुरू झाला. गॅरेजवाला इस्पितळातली मेट्रन, म्हणजे मुख्य नर्स झाला होता, डोक्याला पंचा गुंडाळून. त्याने बारीक आवाजात विचारलं, "व्हाय डू यू वॉन्ट टु बी अ नर्स?" आम्ही खिदळायला लागलो. तिने सुरुवात केली. इन धिस फ्री कंट्री वगैरे. आणि मासेसपाशी पुन्हा बंद. डोळे जमिनीला. गॅरेजवाल्याने पंचा काढला. कुणाला हसू येईना. परवा सोमवार होता.

एवढ्यात काकांची औषधाची वेळ झाली. बाटल्या मी कठड्यालगत रांगेत मांडल्या होत्या, धुतलेल्या, चकचकीत, बिनलेबलाच्या. काकांच्या त्यातल्या दोन. आपली बाटली आपण घेऊन जायची आणि दवाखान्यातून भरून आणायची ही आमच्याकडची रीत, त्यामुळे काकांच्या दोन्ही बाटल्या एकाच चहाकॉफीच्या दुकानातल्या सरबताच्या, अगदी जुळ्या. एकीत पित्ताचं पांढरं मिक्श्चर. दुसरीत गुडघ्याला चोळायचं, उग्र वासाचं, पण तेही दुधासारखं पांढरं. काकांनी हात लांब केला, बूच काढलं, चमचा भरला. त्यांना वास येण्याचा प्रश्नच नव्हता. तपकिरीने त्यांचं नाक कधीच निकामी झालं होतं.

माझी मैत्रीण त्यांच्या शेजारी बसली होती. मासळीच्या ढिगात कालचा पापलेट कुठला हे डोळे मिटून सांगणारं ते नाक.

ती अशी काही ओरडली की नळावरची हंडी उलटली.

"अरं काका, ठेव ती खाली! यो पायाचा हाय, पोटाचा नाय!"

काका दचकले. चमचा तोंडापासून चार बोटांवर. आणि त्या माणसाने, देवाशपथ सांगते, तशा अवस्थेत काय म्हणावं?

"इन इंग्लिश, प्लीज!"

तिने श्वाससुद्धा घेतला नाही. "अंकल, धिस इज फॉर लेग! नॉट फॉर माउथ! यू ड्रिंक, यू डाय! पुट डाउन द स्पून!"

चमचा खाली आला. मग गॅरेजवाला हळूच म्हणाला, "फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली," आणि वर्गात हशा फुटला. काका हसत होते, टोपी पडली होती. मी हसत नव्हते. मला त्या रांगेतल्या बाकीच्या बाटल्या दिसत होत्या. तांबड्या पाच, पिवळ्या दोन, आणि माझ्या डोक्यातली पक्की यादी कुठेच सापडत नव्हती.

तीही हसत नव्हती. उठली, पदर खोचला.

"कुठली कुणाची?" तिने मला विचारलं. आणि लगेच इंग्रजीत. "यू रिमेंबर?"

"तांबडी डावीकडची वहिनींची... बहुतेक."

"बहुतेक? नो बहुतेक."

मी म्हटलं, वासावरून लाव ना, तुला येतं. ती म्हणाली, वासावरून मी मासळी घेते, औषध देत नाय. आणि एकेक बाटली उचलून मोरीत ओतायला लागली. मी किंचाळले. आठ घरांचं औषध! तिने ओतलं. मग रिकाम्या बाटल्या गरम पाण्याने धुऊन घेतल्या, मला पुढे घातलं आणि आम्ही दारोदार निघालो. प्रत्येक दारात मला सांगावं लागलं की मी काय केलं. कोपऱ्यातल्या आजी म्हणाल्या, "पत्रकं कमी पडली म्हणून आता आम्हाला मारतेस का गं?" माझ्या आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सांगितलं होतं, डोकं तपासून घे." दवाखाना साडेसातपर्यंत उघडा होता. आठ घरची आठ माणसं रांगेत उभी राहिली, प्रत्येकाने आपलं दुखणं स्वतः सांगितलं. कंपाउंडरने माझ्याकडे बघून कात्री वाजवली.

सोमवारी ती मुलाखतीला गेली आणि संध्याकाळी परस्पर वर्गातच आली.

"बोल!"

"इन इंग्लिश," काका म्हणाले.

तिने इंग्रजीतच सांगितलं, मोडकं, पण थांबली नाही. मेट्रनने पहिलाच प्रश्न विचारला, नर्स का. हिने माझं उत्तर काढलं, मासेसपाशी आली आणि बंद. मेट्रनने छातीवरचं घड्याळ बघितलं. मग विचारलं, कधी आजारी माणसाची सेवा केली आहे का? ही म्हणाली, नाही, पण एका माणसाला आजारी पडू दिलं नाही. आणि शनिवारची सगळी गोष्ट सांगितली. चमचा, गुडघा, मोरी. मेट्रनने विचारलं, वासावरून ओळखता येत होतं तर ओतलं का? ही म्हणाली, आय वॉज शुअर ऑफ वन. नॉट ऑफ ऑल.

"आणि चूक कुणाची, ते विचारलं?" मी हळूच म्हटलं. मराठीत. कुणाचं लक्ष नव्हतं.

"विचारलं. मी बोलले, माय बेस्ट फ्रेंड. व्हेरी क्लेव्हर गर्ल. डू नॉट गिव्ह हर बॉटल. मेट्रन एवढी हसली, घड्याळ हालाया लागलं."

पत्र आलं पुढच्या शुक्रवारी. त्या मधल्या दिवसांत मी पत्रक काढलं. लेबल मराठीत हवं, हे त्यात होतं. आणि ते बाटलीवरच हवं, वहीत नव्हे, हे मी स्वतःच्या हाताने खाली जोडलं. कंपाउंडरने ते भिंतीवर लावलं. मराठीत लेबलं मात्र अजून लिहीत नाही. मी सोडलेलं नाही.

शुक्रवारी ती बसमधून उतरली ती पळतच. पाकीट फोडलेलं नव्हतं. वर्गात फोडायचं असं तिने ठरवलं होतं, वर्सोव्यापासून हातात घट्ट धरून आणलं होतं. तिने उभ्याने वाचायला सुरुवात केली. वुई आर प्लीज्ड... पुढचं ऐकू आलंच नाही, कारण एक मोठा आवाज झाला.

"शाब्बास गं माझ्या पोरी!"

काका होते. वाजले होते सव्वासहा.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. काकांनी डबी खिशात टाकली, टोपी सारखी केली आणि गुडघा धरत धरत खालच्या पायरीवर जाऊन उभे राहिले. नळावरच्या बायांनी हंडे खाली ठेवले.

"आय ॲम सॉरी, लेडीज अँड जंटलमेन," काका म्हणाले, आणि त्यांच्या मागे पायरीवर रांग लागली, कारण तोवर आम्ही सगळेच मराठीत ओरडत होतो. ती सर्वांत शेवटी होती, हातात पत्र घेऊन, आणि कोळी भाषेत सगळ्यात मोठ्याने.