जिन्यासाठी काळी टाइल

टाइलच्या दुकानात सासूबाईंनी चपला काढल्या तेव्हा दुकानदार हसला.

"आजी, देऊळ नाही हे. चपला असू देत पायात."

त्यांनी ऐकलं नाही. जमिनीवर मांडलेल्या नमुन्यांवरून त्या एकेक पाऊल टाकत निघाल्या. प्रत्येक टाइलवर क्षणभर थांबायचं, अंगठ्याने तिची कड चाचपायची, मग पुढच्या टाइलवर. माझा नवरा दुसऱ्या टोकाला एक काळीकुळकुळीत, चकचकीत टाइल उभी धरून उजेडात फिरवत होता. तिच्यात त्याचा चेहरा दिसत होता.

"ह्या बघ गो. आरसोच जणू! फोटो काय येतलो!"

तोंडवलीला आमचं घर. नवरा मासेमारीच्या बोटीवर जातो, मी मसुऱ्याच्या शाळेत शिकवते. गेल्या दोन-तीन वर्षांत गावात पर्यटकांची ये-जा वाढली, तेव्हा घरावर दोन खोल्या चढवून पाहुणे ठेवायचं त्याने ठरवलं. खोल्या झाल्या, रंग झाला. जिना मात्र नुसता सिमेंटचाच राहिला होता. तो अंगणातून बाहेरच्या बाजूने वर जातो, म्हणजे येणाऱ्याच्या नजरेत पहिल्यांदा तोच भरतो. म्हणून त्याची टाइल निवडायला आम्ही तिघं रिक्षा करून कुडाळला आलो होतो.

दुकानाच्या मध्यभागी नमुन्याचा एक छोटा जिना होता. चार पायऱ्या, पुढे नुसती भिंत. त्याला तीच काळी टाइल लावलेली होती. सासूबाई तो जिना सहज चढून गेल्या. उतरायला वळल्या आणि थांबल्या. त्यांनी उजवा पाय पुढे केला, तो खाली टेकेना. मागे घेतला. पुन्हा पुढे केला. पायरी वीतभर खाली होती आणि त्यांचा पाय हवेत ती शोधत होता. मी वर पाहिलं. त्या खाली बघतच नव्हत्या. दुकानाच्या दाराकडे बघत होत्या, ओठ घट्ट मिटून.

मी धावत जाऊन हात दिला. बर्फातला मासा उचलून उचलून त्यांचे हात कायम थंड असतात, पण त्या दिवशी त्या हाताला घाम होता. खाली उतरल्यावर त्यांनी माझं मनगट सोडलं नाही.

"तेका सांगू नको," त्या पुटपुटल्या. "माजी शपथ आसा तुका."

नवऱ्याने काळी टाइल पक्की केली. मी एवढंच म्हटलं की पावसात घसरेल, समुद्रावरून पाहुणे ओल्या पायांनी येतील. तो म्हणाला, "पायपुसणी घालूया." दुकानदारानेही मान डोलावली. सासूबाई रिक्षात जाऊन बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी परसात मासे साफ करताना मी त्यांना विचारलं, कधीपासून? त्यांचा कोयता थांबला नाही. बांगड्याचं डोकं, पोट, शेपटी, सगळं बोटांच्या अंदाजाने नीट चाललं होतं.

"दोन वर्सां झाली. उजव्यान कायच दिसना नाय. डाव्यान धुक्यातसून दिसल्यासारख्या दिसता."

"मग बाजारात कसा जमवतास?"

"मासो बघूक डोळे कित्याक होये? कल्लो उघडलो, बोट लावला, कळता."

तीसेक वर्षं त्या मालवणच्या बाजारात मासे विकत होत्या. गिऱ्हाइकांना आवाजावरून ओळखायच्या. कुणाला काही कळलं नव्हतं. डॉक्टरकडे जाऊया म्हटलं तर त्यांनी मान हलवली. त्यांच्या एका आतेचे डोळे गेले होते. लोकांना कळलं त्या दिवसापासून घरच्यांनी तिला माजघरात बसवलं.

"ताट थंय, पानी थंय. मरेपर्यंत उंबरो ओलांडूक दिल्यानी नाय. माका तसा जगाचा नाय. आणि जिन्याचा म्हनशीत तर माका तो पाठ आसा. चवदा पायऱ्ये. तेरावी जरा उंच."

त्यांनी तो सिमेंटचा खडबडीत, बिनकठड्याचा जिना सात महिने पायांनी पाठ केला होता. सुकत घातलेली मासळी वरच्या गच्चीवर असायची, दिवसातून तीनदा त्या वर-खाली करायच्या. टाइल लागली की प्रत्येक पायरीची उंची थोडी बदलणार, कड बदलणार, आणि पायाखालचा खरखरीतपणा तर पुरता जाणार. हे त्यांना माझ्याहून चांगलं कळत होतं. तरी त्या गप्प होत्या, आणि त्यांनी मलाही गप्प केलं होतं.

मी का गप्प राहिले, हे प्रामाणिकपणे सांगायचं तर शपथ हे एकच कारण नव्हतं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. माझं माहेर इन्सुलीचं, वडील कचेरीत नोकरीला. मासळीच्या घरात आलेली शिकलेली सून म्हणून सासूबाई माझ्याशी कायम जपून, तुटक बोलायच्या. या नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मला जवळचं काही सांगितलं होतं, मुलालाही न सांगितलेलं. मला ते हवंसं वाटलं. मग रोज सकाळी त्या मासळीची पाटी घेऊन जिना चढल्या की मी स्वयंपाकघरात हातातलं काम सोडून पायऱ्या मोजायची. चौदा ऐकू आल्या की पुन्हा काम. शाळेत असले की मोजायलाही कुणी नसायचं. मुलांना शिकवताना मध्येच माझं बोलणं तुटायचं आणि मुलं एकमेकांकडे बघायची.

तीन आठवड्यांनी टाइल आली. एका शनिवारी गवंड्याने काम सुरू केलं. वरून खाली यायचं, म्हणजे ताज्या टाइलवर पाय पडत नाही, असं तो म्हणाला. नवरा त्या दिवशी समुद्रावर गेला नव्हता. शनिवारी सकाळची शाळा असते. निघताना मी सासूबाईंना बजावलं, "आज वर जाव नकात." त्यांनी हो म्हटलं.

दुपारी मी फाटकातून आत आले तेव्हा अंगणात टाइल कापायचं यंत्र किंचाळत होतं. सगळीकडे पांढरी धूळ. गवंडी पाठमोरा वाकून टाइल कापत होता. जिन्याच्या वरच्या तीन पायऱ्या काळ्या झाल्या होत्या. नवरा जिन्याच्या पायथ्याशी मोबाइल वर धरून उभा होता, फोटो काढत होता. आणि जिन्याच्या डोक्यावर, काखेत रिकामी पाटी धरून, सासूबाई उभ्या होत्या. काम सुरू व्हायच्या आधीच त्या मासळी सुकत घालायला वर गेल्या होत्या.

नवऱ्याने हात हलवून त्यांना खुणावलं. खाली ये, बघ कसा दिसतो जिना. त्याचा आवाज मला ऐकू आला नाही, त्यांनाही आला नसणार. पण कुणीतरी बोलावतंय, कुणीतरी बघतंय, एवढं त्यांना कळलं. त्यांनी पदर सारखा केला, चेहरा हसरा केला आणि पाय पुढे केला.

तेव्हाच मला दिसलं की त्या तीन टाइल्स बसवलेल्या नव्हत्या. नुसत्या मापाला मांडून ठेवलेल्या होत्या. सगळ्यात वरची तर पायरीच्या पुढे चार बोटं आलेली होती. तिच्या कडेवर वजन पडलं असतं तर ती उलटलीच असती. कठडा नव्हता. खाली जांभ्याच्या चिऱ्यांचा ढीग होता.

मी ओरडले. यंत्राच्या आवाजात माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. मी पिशवी टाकून धावले आणि पुन्हा ओरडले, छातीत होता नव्हता तेवढा जोर लावून, "आये, थांबा! थंयच थांबा! तुमका दिसना नाय!"

आणि त्या ओरडण्याच्या मध्येच गवंड्याने यंत्र बंद केलं.

शेवटचे शब्द स्वच्छ अंगणभर गेले. कुंपणापलीकडे कपडे वाळत घालणाऱ्या शेजारणीचे हात थांबले. गवंडी वळून बघू लागला. नवऱ्याचा मोबाइल खाली आला. सासूबाईंचा पाय टाइलच्या कडेपासून बोटभर वर होता. त्यांनी तो मागे घेतला आणि तिथेच गच्चीच्या तोंडाशी खाली बसल्या.

मी जिना चढून गेले, तिन्ही टाइल्स उचलून बाजूला ठेवल्या आणि हात पुढे केला.

"हात लावू नको माका," त्या म्हणाल्या.

नवरा मागोमाग वर आला होता. त्याला काही समजत नव्हतं. "काय दिसना नाय? आये, माज्या शर्टाचो रंग सांग बघूया."

"तुज्या बापाशीन माका असो प्रश्न कधी केलो नाय," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी पदर तोंडावर घेतला. तो तिथेच पायरीवर बसला. लाल शर्ट घातला होता त्याने, धुळीने पांढरा झालेला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

"तुका म्हायत होता?"

"होय."

"कधीपासून?"

"दुकानात गेल्लो तेवापासून."

"म्हनजे तीन आठवडे! आणि तू माका ही टाइल घेवक दिलंस?"

सासूबाई त्या दिवशी बसून, एकेक पायरी हाताने चाचपत खाली आल्या. आम्हा दोघांना त्यांनी जवळ येऊ दिलं नाही. गवंडी अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन पाठ करून उभा राहिला. त्याचं ते करणं मी विसरलेले नाही.

पुढचे दिवस घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. सोमवारी नवऱ्याने त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. मी रजा घेऊन बरोबर गेले, पण सासूबाई माझ्याकडे पाठ करून बसल्या. उजव्या डोळ्यात काचबिंदू होता. डॉक्टरीण बाई शांतपणे म्हणाल्या, "या डोळ्याची गेलेली नजर परत येणार नाही. डाव्यात मोतीबिंदू आहे, तो काढता येईल. त्यालाही थोडा उशीरच झालाय. कुणाच्या लक्षात आलं नाही का घरी?" नवरा खाली बघत राहिला. मी बोलणार तेवढ्यात सासूबाईच म्हणाल्या, "मीच सांगूक नाय." त्यांनी माझं नाव घेतलं नाही. पण घरी आल्यावर अबोला तसाच.

डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. महिन्याभराने पट्टी, थेंब, काळा चष्मा हे सगळं संपल्यावर नवऱ्याने स्वतःच विषय काढला. काळ्या टाइलची न फोडलेली खोकी तेवढी दुकानदाराने परत घेतली होती. "आये, चल. आता तूच पसंत कर."

आम्ही पुन्हा त्याच दुकानात गेलो. या वेळी दुकानदार चपलांबद्दल काही बोलला नाही. मी मनाशी एक करडी, खरखरीत टाइल ठरवली होती आणि ती सासूबाईंना दाखवली. त्यांनी तिच्यावर पाय ठेवला, मान वाकडी करून डाव्या डोळ्याने पाहिली आणि म्हणाल्या, "ह्या आणि सिमेंटात फरक काय?" मग त्यांनी दुकानभर फिरून चिऱ्याच्या रंगाची एक टाइल काढली, पृष्ठभाग दाणेदार. तिच्यावर दोन्ही पाय ठेवून उभ्या राहिल्या. दुकानदाराला म्हणाल्या, पाणी आण. त्याने आणलं. टाइल ओली करून त्यांनी तिच्यावर पुढे-मागे पाय घासला. पाय सरकला नाही.

"हीच. पण कडेक सफेत पट्टी होयी. ती पण खरखरीत. चवदाच्या चवदा पायऱ्यांक."

"फोटोत बरी दिसात?" नवऱ्याने विचारलं. चेष्टा करायची त्याची हिंमत इतक्या दिवसांत पहिल्यांदाच झाली होती.

"तुज्या फोटोक पाय आसत काय?" त्या म्हणाल्या.

जिना झाला, कठडाही झाला. त्या माझ्याशी बोलू लागल्या ते आधी कामापुरतं. एकदा दुपारी मासळी निवडताना त्या अचानक म्हणाल्या, "हळू सांगूक होया होता तू."

"यंत्र चालू होता, आये. ऐकूक इला नसता."

"तेवाचा म्हनना नाय मी. आधी. तीन आठवडे होते तुज्याकडे. तेका बाजूक घेवन हळू सांगितलंस असतंस तर मी रागावलंय असतंय, पण गावासमोर झाला नसता."

त्यांनीच शपथ घातली होती, हे माझ्या ओठांवर आलं. मी ते बोलले नाही. त्यांचं म्हणणं खरं होतं आणि ते आम्हा दोघींनाही माहीत होतं.

बाजारात त्या आता आठवड्यातून दोनच दिवस जातात. दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे पहिले पाहुणे आले, पुण्याचं एक मोठं कुटुंब. सकाळी ते सगळे कॉफीचे कप घेऊन जिन्यावरच पसरून बसले होते. सासूबाई वरून मासळीची पाटी घेऊन निघाल्या. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. पाहुण्यांना बाजूला व्हायला सांगावं म्हणून मी पुढे झाले, तेवढ्यात त्यांचाच आवाज आला, बाजारात लावतात तसा खणखणीत.

"उठा रे सगळे! माका एका डोळ्यान दिसना नाय. मदी कोन बसलो आसात तर पायाखाली येशात!"

पाहुणे कप सावरत भराभर उठले आणि भिंतीला चिकटून उभे राहिले. त्या कठड्याला हात न लावता, मधोमध, खाली उतरून आल्या आणि पाटी माझ्या हातात देऊन परसाकडे गेल्या.