इंजिनवरची गोधडी

आमची जुनी मोटार थंडीत पेट्रोल नुसतं ढोसायची. भंडाऱ्याहून जवाहरनगर ते केवढं, इंजिन तापेपर्यंत कारखान्याचं गेट यायचं. थंड इंजिन जास्त पितं हे कळल्यावर मी रेडिएटरपुढे पुठ्ठा लावला आणि गाडी उभी केली की बोनेट उघडून इंजिनवर गोधडी घालू लागलो. ती बायकोनं शिवली होती. नायलॉन जळेल म्हणून निवडून सुती लुगड्यांची. पहिली तेलानं खराब झाली, तेव्हा कुरकुर न करता दुसरी शिवली. सुटी होईपर्यंत इंजिन कोमट राहायचं. ॲव्हरेज वाढलं. कारखान्याच्या गाडी-स्टँडवर लोक विचारायचे, गाडीला ताप आला का?

रोज माझ्या गाडीतून येणारा मित्र मात्र हसला नाही. आमच्याच गल्लीतला, माझ्याच सेक्शनचा. सूचना पेटीत टाक, कारखान्याच्या गाड्यांनाही चालेल, असं त्यानंच सुचवलं. अर्ज हिंदीत शोभतो म्हणे. माझी हिंदी बाजारापुरती. दोन संध्याकाळ ओट्यावर बसून मी सांगत गेलो, तो लिहीत गेला, बायको चहा देत गेली. नाव-नंबर भरून मीच टाकतो, म्हणाला. मी कागद वाचलासुद्धा नाही. आपल्या माणसाचा कागद कोण तपासतो?

सूचनेला बक्षीस लागलं. कार्यक्रमाला बायकोला ठेवणीतली साडी नेसवून नेलं. नाव त्याचं पुकारलं. दोघांचं असेल, पुढचं माझं, म्हणून मी खुर्चीतून अर्धा उठलो. मग तो माइकवर सांगू लागला की गोधडी त्याच्या घरी शिवली.

बायको हळूच म्हणाली, "मायी गोधडी सांगून राहिले का ते?"

त्या अर्धवट उठण्याची लाज अजून जात नाही. पण गोधडीचा राग त्याहून मोठा आहे.

बाहेर त्याला गाठून विचारलं, काहून केलं असं? तो शांतपणे म्हणाला, "तू नुसता बोलला. लिवलं तं म्याच ना?" केसानं गळा कापतात म्हणे. यानं आमच्याच गोधडीच्या दोऱ्यानं कापला.

दुसऱ्या सकाळी तो डबा घेऊन नेहमीच्या कोपऱ्यावर उभा. माझा पाय सवयीनं ब्रेकवर गेला. तो बसला, हीटरपुढे हात धरले.

"आज गाडी थंडी काहून आहे?"

"जिची गोधडी होती, तिनं काढून घेतली."

गेट येईपर्यंत इंजिन तापलं नाही.