धुऊन ठेवलेली अंगठी

आज सकाळी काजलच्या आईने, अक्कांनी, मला 'भाऊ' म्हटलं आणि तिथेच सगळं बदललं. आमचा साखरपुडा झाल्यापासून त्या मला 'जावईबापू' म्हणायच्या.

मित्रांनो, काजल फोन उचलेना, म्हणून मी न सांगता भडगावला तिच्या घरी गेलो. साखरपुड्याची अंगठी तिला सैल होत होती. मीच आतून लाल दोरा गुंडाळून दिला होता आणि लग्नापर्यंत काढू नको म्हणून बजावलं होतं.

आज तीच अंगठी देव्हाऱ्यापाशी सोनाराच्या डबीत दिसली. रिठ्याच्या पाण्याने धुतलेली, अगदी नव्यासारखी. दोरा नव्हता.

"हे काय, अक्का?"

"सोनं झिजस भाऊ, म्हणीसन धुईसन ठेवेल शे." बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"झिजू द्या ना! दोरा कोणी काढला?" माझा आवाज चढला.

आतल्या खोलीत बांगड्या वाजल्या आणि एकदम थांबल्या. काजल बाहेर आली नाही. तिचे वडील मला म्हणाले, "कॉलेज तर तू अर्धं सोडं, आते आवाज तरी कमी कर."

तुम्हीच सांगा, याला सांभाळून ठेवणं म्हणतात का? आमच्याकडे परत करायचा दागिनाच असा धुऊन डबीत घालतात. समोरच्याने तो हातात घेतला की सोयरीक मोडली.

अक्कांनी डबी उचलली आणि माझ्यापुढे धरली. मी दोन्ही हात खिशात घातले, बाहेर पडलो आणि खांद्याने दार लोटून... नाही, लाथेनेच लावून घेतलं.