वरवंटा शाळेत गेला

सुरतेत आमच्या मजूर वस्तीत खडक कुठला? खडकांच्या प्रदर्शनासाठी पुतणीने अग्निजन्य खडक म्हणून मिलच्या बॉयलरमागचा जळक्या कोळशाचा गोळा शाळेत नेला. बाई म्हणाल्या, "वस्तीतली मुलं कचराच आणणार." पोर रडत आली, प्रदर्शनाला जाणारच नाही म्हणाली. मी भडकलो. युनियनचं पत्रक नंतर काढू, आधी खडक! वहिनीने खानदेशातून आणलेला काळा वरवंटा मी पोरीच्या हातात दिला.

"काका, हा किती जड! दाणे पण दिसत नाहीत."

"लाव्हा झटकन थंड झाला की असंच होतं. बेसॉल्ट म्हणतात त्याला."

"मंग मी चटणी कशानं वाटू?" वहिनी ओरडली.

दुसऱ्या दिवशी पुतणीने वर्गात सगळं ठणकावून सांगितलं. बाईंना वरवंटा प्रदर्शनात मधोमध ठेवावा लागला. आम्ही तीन दिवस बिनचटणीची भाकरी खाल्ली, आणि काय ऐटीत!