पुरनलालचा रेकॉर्डर आणि राहून गेलेला मामा

पुरनलाल बिसेनला काही टाकून देववत नसे. देवरीच्या अलीकडच्या एका गावात त्याचा मंडप आणि लाऊडस्पीकरचा धंदा होता. एका पावसाळ्यात घरात पाणी शिरून कॅसेटी भिजल्या, तेव्हा त्याने त्यांच्या फिती सोडवून बायकोच्या लुगड्यांशेजारी दोरीवर वाळत घातल्या. वारा सुटला आणि अर्ध्या गावाच्या बैलांच्या शिंगांत भजनं अडकली. पुरनलाल दिवस मावळेपर्यंत बैलांमागे फिरून ती गोळा करत होता.

२००९ साली त्याची मुलगी दुर्गेश्वरी हिचं लग्न ठरलं. हळदीला म्हणायचं एक लांबलचक गाणं घरात फक्त गोमतीला, म्हणजे पुरनलालच्या थोरल्या काकूला, सगळ्यांच्या मोठ्या मायला येत होतं. त्या गाण्यात नवरीच्या एकेका नातलगाला नाव घेऊन मांडवात बोलावतात. आधी बापाकडचे, मग आईकडचे. ज्याचं नाव सुटलं, तो जेवायला बसत नाही. पण मोठ्या मायचा घसा आताशा लग्नघराच्या धुरात बसून जायचा. गाणं आधीच भरून ठेवावं आणि हळदीला स्पीकरवर लावावं, असं पुरनलालने ठरवलं आणि गोंदियाला जाऊन हातात मावेल एवढा डिजिटल रेकॉर्डर आणला.

दुकानदाराने त्याला समजेल अशा भाताच्या भाषेत समजावलं होतं. "देखो भैया, वेव्ह मतलब पूरा चावल, एमपीथ्री मतलब कनकी, टूटा चावल. पूरा चावल जागा जास्त खाते. बीच का रखो, बढ़िया चलेगा."

पुरनलालला हे मधलं पटेना. मशीनमध्ये वेव्हच्याच तीन-चार पायऱ्या होत्या. त्याने सगळ्यात वरची लावली.

"मधली काऊन नाई लावत?" बायकोने, वच्छलाने विचारलं.

"मधल्यात काही तरी सुटत असन ना. सुटलेलं मंग कुठं शोधू?"

मोठी माय पदर खोचून बसली आणि गाऊ लागली. आजोबा, काका, आत्या, चुलत आजोबा, सगळे सुरात मांडवात आले. बापाकडचे संपले, तिने आईकडचं पहिलं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि मशीनवर अक्षरं आली: कार्ड भरलं.

ते पहिलं नाव होतं छोटेलालचं. वच्छलाचा सख्खा भाऊ, नवरीचा एकुलता एक मामा.

पुरनलालने मोठं कार्ड आणून पाहिलं, पण त्या जुन्या मॉडेलच्या मशीनला ते ओळखूच येईना. मधल्या वेव्हवर त्याचा भरवसा नव्हताच, मग त्याने मन घट्ट करून थेट एमपीथ्री लावायचं ठरवलं. प्रामाणिक माणूस, म्हणून मोठ्या मायला आधीच सांगून टाकलं की आता गाणं कनकीत भरणार.

"कनकी?" मोठी माय उठून उभी राहिली. "कनकी कोंबड्याइले टाकतेत. मी काऊन कनकीत गाऊ? माहे दात पडले, गाणं नाई पडलं!"

तेव्हा दोन कार्डांचा बेत निघाला. एक भरलं की काढायचं, दुसरं घालायचं. पण तेवढा वेळ थांबायला मोठी माय तयार नव्हती. नावं घेता घेता मधात थांबलं की नातं तुटते, असं तिचं म्हणणं. पुरनलालने कार्ड बदलेपर्यंत छोटेलाल मामा गाण्यातून येऊन, पाटावर बसूनही गेला होता. दुसऱ्या कार्डात सुरुवातीलाच मामी आली, एकटी.

ही बातमी छोटेलालला कळली. तो सायकल हाणत आला.

"भाऊजी, सगळे आत अन् मी फटीत?"

"तू फटीत नाई गा. मशीनची फट हाय."

"मशीनले काय मालूम मामा कोण अन् काका कोण? हे मुद्दाम होऊन राहिलं!"

त्याला शांत करायला मोठ्या मायने मामाला पुढे घेतलं, काकाच्याही आधी. यावेळी तिने जरा निवांत गायलं. गाणं लांबलं आणि फटीत पुरनलालचा धाकटा भाऊ तिलक गेला. तिलक आजवर कधी रुसला नव्हता. त्याने मंडपाचे बांबू सोडायला घेतले. घाबरून पुरनलालने पुन्हा जुना क्रम भरून घेतला. छोटेलाल परत फटीत पडला. लग्न तोंडावर आलं होतं, मोठ्या मायचा आवाज चिरकू लागला होता. आता इलाज नव्हता.

हळदीच्या दिवशी छोटेलाल नवे कपडे घालून आला, पण मांडवाच्या बाहेरच बाजेवर बसला. "नाव आल्याबिगर आत येत नाई," असं त्याने येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं.

पुरनलालने रेकॉर्डर ॲम्प्लिफायरला जोडला. मोठ्या मायचा आवाज असा स्वच्छ निघाला की तिच्या बांगड्यासुद्धा ऐकू येत होत्या. एकेक नाव आलं, एकेक जण मांडवात गेला. पहिलं कार्ड संपलं. पुरनलाल घाईघाईने दुसरं घालू लागला, ते उलटं गेलं, मग अडकलं. स्पीकरमधून नुसता घूं आवाज. सगळा मांडव मान वळवून बाजेकडे बघू लागला.

छोटेलाल उठला. तडक आत आला, पुरनलालसमोरचा माईक उचलला आणि मोठ्या मायच्याच चालीत, रेड्यासारख्या आवाजात स्वतःलाच बोलावू लागला. मामा आला, छोटेलाल मामा आला, मामाने धोतर नवं आणलं. चाल संपली तरी तो थांबेना. त्याने आपल्या बैलांचीही नावं घेतली. बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या, मग त्यांनी त्याचं पद उचलून धरलं. नवरी हळदीच्या हातांनी डोळे पुसत होती आणि ते झोंबत होते.

मोठी माय गंभीरपणे ऐकत होती. "सूर नाई," ती म्हणाली, "पण पोट भरून गायला."

त्यानंतर पुरनलालकडे येणारी लग्नघरं वेगळंच मागू लागली. "आमच्या नावांचं गाणं लावा पुरनभाऊ, पण मामाची फट ठेवजा." दुसरीकडच्या मामांना आपलं नाव स्वतः गायचं होतं. पुरनलालने विचार केला: दर वेळी कार्ड अडकेलच कशावरून? म्हणून त्याने गाण्याच्या दोन भागांमध्ये भरायला शांतताच रेकॉर्ड करून ठेवली. दार लावून, पंखा बंद करून, घरच्यांना चूप बसवून. तीही सगळ्यात वरच्या वेव्हमध्ये. एमपीथ्रीतली शांतता त्याला पोकळ वाटली.

वच्छला म्हणे, "काहीच तर नाई त्याच्यात."

"म्हणून तं जपावं लागते," पुरनलाल म्हणे.

ज्या घरचे मामा लाजत, तिथे छोटेलालला बोलावणं जाऊ लागलं. एका लग्नाला जाताना त्याची बस चुकली, तर घरच्यांनी हळद थांबवून ठेवली आणि स्पीकरवर पुरनलालची शांतता पुन्हा पुन्हा लावली. लोक ती अदबीने ऐकत बसले होते. छोटेलाल घामाघूम होऊन आला, पाणीही न पिता माईकशी गेला आणि परक्या नवरीचा मामा म्हणून गाऊ लागला. तिचा खरा मामा पहिल्या रांगेत बसून ठेका धरत होता.