वाकडी टीप

सकाळचे साडेआठ. एका शेगडीवर दूध, दुसरीवर आंघोळीचं पाणी आणि आमचे हे आरशापुढे नवा शर्ट घालून एक हात वर, एक हात खाली.

"बाही ओढतेय गं."

"पोट सुटलंय तुमचं."

"पोट काय बाहीत असतं?"

मी जवळ जाऊन पाहिलं. खरंच, खांद्यापासून कोपरापर्यंत टिपेला चुण्या पडल्या होत्या. आमच्या शिंपीमास्तरांच्या हातचं काम आणि असं? तेवढ्यात दार वाजलं.

दारात मास्तरच. वीस वर्षांत हा माणूस आमचा जिना चढला नव्हता. गिऱ्हाइकानं दुकानात यायचं, हा त्यांच्या वडिलांचा नियम.

"वहिनी, कालचा शर्ट परत द्या. दोन एकाच बैठकीत शिवले होते. दुसरा आत्ता उजेडात धरला आणि लाज वाटली."

ह्यांनी मुकाट्यानं शर्ट उतरवला, जुना चढवला आणि कामावर गेले. मी मास्तरांपुढे चहा ठेवला. कधी जिना न चढणारा माणूस चक्क बसला.

कोपऱ्यावरचं दोन मशिनचं दुकान मूळ वडिलांचं. ते थोरले मास्तर, हे धाकटे. बाराव्या वर्षी शाळा सुटली आणि हे वडिलांच्या पायाशी स्टुलावर बसले. आधी काजं, मग बटणं, मग टिपा. वडील प्रत्येक टीप दाराच्या उजेडात धरायचे, तिच्यावरून अंगठा फिरवायचे आणि दोनच शब्द बोलायचे, "बारक्या, उसव." की ब्लेडनं एकेक टाका कापायचा, दोरे वेचायचे, पुन्हा शिवायचं. तेही जुन्या कापडावर. शिकाऊ हाताला कोरं द्यायचं नाही. आठ वर्षांनी एकदा काहीच न बोलता वडिलांनी कापड बाजूला ठेवलं, तीच शाबासकी. आज बारक्या बावन्न वर्षांचा आहे आणि दुकानाच्या दारातून जरा तिरका होऊनच आत शिरतो. लग्न राहून गेलं. आई गेली. घरात दोघेच उरले.

थोरल्या मास्तरांचं विसरणं मी जाता-येता बघत होते. आधी गिऱ्हाइकांची नावं गेली, मग मापं, मग आपण जेवलो की नाही ते. तरी आल्या-गेल्याला "या, बसा" म्हणायचे. पुढचं मला ठाऊक नव्हतं.

"मलाही 'या, बसा'च म्हणतात," धाकटे मास्तर कपाकडे बघत म्हणाले. "दीड वर्ष झालं. आंघोळ घालायला घेतली की म्हणतात, 'अहो, आपण कशाला त्रास घेता?' मला अरे म्हणणारं ते एकच माणूस उरलं होतं, वहिनी."

मी उगाच दूध ढवळत राहिले.

"दोन महिन्यांपूर्वी घाईत घरातला एक जुना अभ्रा वाकडा शिवला गेला. त्यांनी उचलला, अंगठा फिरवला आणि म्हणाले, 'बारक्या, टीप ओढलीस. उसव.'"

"ओळखलं तुम्हाला?"

"माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. टिपेकडे बघत होते. पण म्हणाले."

दुसऱ्या दिवशी धाकट्या मास्तरांनी मोठ्या आशेनं आपली नेहमीची सरळ टीप घालून कापड पुढे केलं. वडिलांनी ते निरखलं, बाजूला ठेवलं आणि अदबीनं विचारलं, "छान शिवता हो आपण. कुणाकडे शिकलात?"

तेव्हापासून रोज दुकान उघडण्याआधी हा कसबी माणूस मुद्दाम वाकडं शिवतो. बारा वर्षांच्या पोराची टीप, सुरुवातीला ओढलेली, मध्ये सैल, शेवटी घसरलेली. वडील अंगठा फिरवतात, उसव म्हणतात. हा त्यांच्या पायाशी बसून उसवतो. एखाद्या दिवशी वर एक वाक्य जास्तीचं मिळतं, "घाई कसली असते रे तुला?" ते दिवसभर पुरतं.

"पण हात बिघडला," मास्तर म्हणाले. "वाकडं वळण लागलं, ते आता सरळ शिवतानाही मध्येच येतं. गिऱ्हाईक तुटेल, कळतं मला."

"मग थांबवणार का?"

त्यांनी शर्टाची घडी घातली. ती बाही तेवढी आत दुमडली.

"काल बोललेच नाहीत काही. उसवून उसवून त्या अभ्र्याची चाळण झालीय, टाका धरतच नाही. आज सकाळी कोरं कापड वापरलं, तर मलाच सांगायला लागले, 'अहो, पोराच्या हाती कोरं देऊ नका.' आमच्या घरातलं जुनं सगळं संपलं."

चहा तसाच राहिला होता. ते उठले, दाराशी गेले. चपलेत पाय घालता घालता थांबले.

"वहिनी, एखादी जुनी चादर असली तर द्या. विरलेली चालेल."