कोनाले इचारून?

परवा राजापेठेतल्या एका लग्नाच्या हॉलमध्ये फिनेलचा वास आला आणि मी नाकाला पदर लावून बाहेर आले. बऱ्याच वर्षांपूर्वी अकोल्याच्या एका टॉकीजमध्ये हाच वास होता. त्या वर्षी बोगस बियाण्यामुळे आमच्या गावच्या कपाशीला बोंडंच धरली नव्हती. शेजारचे सलीमचाचा बाबांना आणि मला म्हणाले, "चला, मारधाड पाहून येऊ. घरी बसून काय करून राहिले?"

सिनेमा ऐंशीच्या दशकातला, पुन्हा लागलेला. गाव जाळणाऱ्या शेठच्या मागे हिरो दोन तास धावला आणि चाचा उभे राहून शिट्ट्या मारत राहिले. शेवटी शेठनं दोन आसवं गाळली, आणि हिरोनं त्याला चक्क मिठी मारली!

चाचा थुंकले. "माफ करून टाकलं? कोनाले इचारून?"

मलाही शिसारी आली. असला खोटा शेवट कोण लिहितं, असं बडबडत मी बाहेर पडले.

महिन्याभरात गावच्या बैठकीत ते बोगस बियाणं विकणाऱ्यानं माफी मागत हात जोडले. सरपंचांनी त्याला हार घातला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनीही. चाचा तेवढे उठून गेले.

सिनेमाचा शेवट खोटा नव्हता, हे आता कळतं. किळस मात्र अजून तशीच येते.